नमुना क्रमांक दोन

आमच्या घरात दोन टेस्टर आहेत. एक मी, वर्षाली. वाकडच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. दुसरे माझे सासरे, उद्धवराव. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं बाहेरून येणारा माल तपासला. आधी भोसरीत आणि मग कंपनी चाकणला हलली तेव्हा चाकणला. ट्रकमधून माल उतरला तरी बाबांची सही झाल्याशिवाय तो आत जायचा नाही. रिटायर होऊन त्यांना तीन वर्षं झाली, पण खिशातलं पेन आणि भिंग काही गेलेलं नाही. मंडईतून आणलेली भेंडीसुद्धा ते मोडून, वाकवून, उजेडात धरून मगच आत पाठवतात. असे दोन टेस्टर घरात असताना जे झालं ते सांगते आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी माझ्या सासूबाई, मंजुळाबाई, बाथरूमची भिंत ॲसिडने घासत होत्या. आमचं घर निगडी प्राधिकरणातलं, जुनं. महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरचं. त्या पाण्याने भिंतीवर, नळावर, बादलीच्या कडेला पांढरा क्षार चढतो आणि साबणाला दाद देत नाही. लग्न होऊन उमरग्याकडून इथे आल्या तेव्हापासून आई तो ॲसिडने काढत आल्या होत्या. वास घरात येऊ नये म्हणून दार आतून लावून घ्यायच्या. त्या दिवशी दार उघडून बाहेर आल्या आणि पॅसेजमध्ये भिंतीला टेकून खाली बसल्या. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

दोन दिवस दवाखान्यात काढले. तिथल्या डॉक्टरबाईंनी बाबांना विचारलं, “काका, या ॲसिड किती वर्षं वापरतायत?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या नवऱ्याकडे, गणराजकडे पाहिलं. तो मोबाईलकडे बघायला लागला. शेवटी नाकाला मास्क लावलेल्या आईंनीच हाताची बोटं दाखवली, आधी तीन, मग चार. चौतीस.

“आता घरात बाटली दिसता कामा नये,” डॉक्टर म्हणाल्या. “पुढच्या वेळी इथपर्यंत पोचाल याची खात्री मी देऊ शकत नाही.”

बाबा या वाक्याला घाबरले. लग्नाला सहा वर्षं झाली, मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्या आल्या त्यांनी उरलेल्या दोन बाटल्या बाहेर काढल्या आणि जेवताना जाहीर केलं, की जुनी बाथरूम फोडायची आणि ॲसिड कधी लागणारच नाही अशी नवी करायची. आई म्हणाल्या, “कशाला एवढा खर्च?” बाबांनी तोवर वही उघडून तारीख टाकली होती.

पिंपळे सौदागरला टाइल्सचं एक मोठं दुकान आहे, तिथे आम्ही दोघं गेलो. दुकानदाराला पाण्याची कहाणी सांगितली. तो म्हणाला, “काका, ग्रे मॅट घ्या, मोठ्या साइजमध्ये. सांधे कमी येतात, डाग दिसत नाहीत. सांध्यात सिमेंट भरू नका, इपॉक्सी भरा, ते पाणी पीत नाही. काचेचं पार्टिशन तर घेऊच नका, जन्मभर पुसत बसाल. डोळे झाकून ग्रे मॅट घ्या.”

“डोळे झाकून मी एकतीस वर्षांत एक बोल्ट घेतला नाही,” बाबा म्हणाले आणि नमुने मागितले.

मीही नेटवर हेच वाचलं होतं, की खाऱ्या पाण्याला फिकट, कमी चकाकीची, मोठी फरशी बरी. तसं मी गाडीत सांगितलं. बाबा म्हणाले, “मत नको, डेटा पाहिजे.” माझ्याच क्षेत्रातलं वाक्य त्यांनी मला ऐकवलं.

तीन नमुने आले. क्रमांक एक, ग्रे मॅट. क्रमांक दोन, काळी चकचकीत फरशी. ही गणराजची आवड. लोणावळ्याच्या कुठल्याशा हॉटेलात त्याने तशी बाथरूम पाहिली होती आणि तेव्हापासून तो तिच्या प्रेमात होता. क्रमांक तीन, पांढऱ्या संगमरवराचा तुकडा. दुकानदाराने तो फुकट दिला होता. बाबांनी तिन्ही तुकडे जुन्या भिंतीवर शॉवरच्या खाली, कमरेच्या उंचीवर चिकटवले. कडेला इपॉक्सी भरली, नंबर टाकले आणि बाथरूमच्या दाराला बाहेरून तक्ता लावला. सहा आठवडे ट्रायल. रोज सगळ्यांनी नेहमीसारखी आंघोळ करायची. नमुन्यांना कोणी हात लावायचा नाही, पुसायचं नाही. बाकीची भिंत आईंनी साबणाच्या पाण्याने धुवायची, ॲसिडचं नाव काढायचं नाही.

“समजलं ना?” बाबांनी विचारलं.

“समजलं की,” आई म्हणाल्या.

रीडिंग दर शुक्रवारी सकाळी सात वाजता. आमच्या भागातल्या कंपन्यांना सुटी रविवारी नसते, गुरुवारी असते. त्यामुळे बाबांचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो, रिटायर झाल्यावरही. गुरुवारी ते जुन्या कंपनीतल्या मित्रांबरोबर दुर्गा टेकडीवर जातात, उतरल्यावर पोहे खातात, कंपनीला शिव्या घालतात आणि जेवायच्या वेळेला घरी येतात. मी मंगळवार ते गुरुवार ऑफिसला जाते. गणराज चाकणला सकाळच्या शिफ्टमध्ये, त्याच्या कंपनीला मात्र सुटी रविवारी. म्हणजे गुरुवारी सकाळी घरात आई एकट्या.

फेब्रुवारीतल्या पहिल्या शुक्रवारी बाबा प्लास्टिकचं स्टूल घेऊन बाथरूममध्ये बसले. भिंग लावून एकेक तुकडा पाहिला, सांध्यावरून नख फिरवलं आणि मोठ्याने बोलत लिहीत गेले. ही त्यांची सवय. “नमुना क्रमांक एक. डाग नाही. पण करड्या रेघा आहेत. सहा. नमुना क्रमांक दोन. डाग नाही. सांधा स्वच्छ. चकाकी कायम. दहा.” आई दारात चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. दहा ऐकल्यावर त्यांनी कप पुढे केला. चहा निवला होता. बाबा चहाच्या बाबतीत फार कडक आहेत, पण त्या दिवशी आकड्याच्या आनंदात तसाच प्यायले.

दुसऱ्या शुक्रवारी संगमरवर नापास झाला. त्याचं तेज गेलं होतं, वरचा थर खरखरीत लागत होता. दोन मार्क. बाबांना हे पटेना. दगड पंधरा दिवसांत असा कसा खराब होतो म्हणून ते तो तुकडा उचकटून दुकानात घेऊन गेले. मी गाडी चालवायला सोबत होते. दुकानदाराने तुकड्यावरून अंगठा फिरवला.

“काका, यावर ॲसिड पडलंय.”

“आमच्या घरात ॲसिड नाही,” बाबा म्हणाले.

“मग कोणी बाथरूम क्लीनर वगैरे?”

“काही नाही. कडक नियम आहे.”

“मग पाणीच तसं असेल,” दुकानदार म्हणाला. त्याच्याकडे गिऱ्हाइकांची रांग होती. बाबांनी तिथेच काउंटरवर वही ठेवून लिहिलं : बोअरचं पाणी संगमरवर खातं. मी ते वाचलं आणि मान डोलावली. माझा पगार चुका शोधण्याचा आहे, हे इथे नमूद करून ठेवते.

तिसऱ्या शुक्रवारी काळ्या फरशीला नऊ मिळाले. खालच्या डाव्या कोपऱ्यात मुगाच्या डाळीएवढा पांढरा ठिपका होता. “एक मार्क कट,” बाबा म्हणाले. आई कप ठेवून स्वयंपाकघरात गेल्या. त्यांना या तपासणीत एवढा रस का, असं मला त्या दिवशी वाटून गेलं. मग मी लॅपटॉप उघडला आणि माझ्या कामाला लागले.

चौथा, पाचवा आणि सहावा आठवडा पुन्हा दहा, दहा, दहा. मधल्या काळात आईंना गुरुवारी संध्याकाळी खोकला यायचा, रात्री बसून राहायच्या, सकाळपर्यंत उतरायचा. मागच्या रस्त्याचं खोदकाम चालू होतं. त्याच्या धुळीने होतंय असं आम्ही ठरवलं आणि घराच्या खिडक्या बंद ठेवायला लागलो. डॉक्टरांनी दिलेला पंप मी स्वतः त्यांच्या हातात द्यायचे. चांगली सून असल्यासारखं वाटायचं मला तेव्हा.

मार्चच्या मध्यावर निकाल लागला. ग्रे मॅट साठपैकी सदतीस. काळी चकचकीत साठपैकी एकोणसाठ. गणराजने दोन्ही हात वर केले, जसं काही त्यानेच ती फरशी भट्टीतून काढली होती.

“बाबा, हे उलटं आहे,” मी म्हटलं. “काळ्यावर पांढरा क्षार जास्त दिसायला पाहिजे. सगळीकडे तसंच लिहिलंय.”

“लिहिणाऱ्यांनी आपलं बोअर बघितलंय का?”

निकाल अपेक्षेपेक्षा फारच चांगला आला तर आधी टेस्ट तपासायची, हे मला पहिल्याच नोकरीत शिकवलं होतं. घरी मी ते विसरले. आणखी एक गोष्ट आमच्या दोघांच्याही समोर होती. नमुन्यांच्या आजूबाजूची जुनी भिंतही त्या सहा आठवड्यांत लख्ख होती, साबणाच्या पाण्याने कधी होणार नाही इतकी. बाबांनी ती पाहिली नाही, कारण ती तक्त्यात नव्हती. मी पाहिली नाही, कारण बाथरूम धुणं हे या घरात माझं काम कधीच नव्हतं.

काम समाधान मिस्त्रीला दिलं. मुळशीकडचा माणूस, एकटा काम करतो, रेडिओ लावत नाही. बाबांना तो लगेच पटला. त्याने जुनी भिंत फोडली, वॉटरप्रूफिंग केलं, जाळीच्या दिशेने उतार काढला. बाबांनी फरशीवर काचेची गोटी सोडून ती जाळीपर्यंत जाते का ते चारही कोपऱ्यांतून पाहिलं. समाधान हात बांधून उभा होता. गोटी चारही वेळा जाळीत गेली तेव्हा तो म्हणाला, “काका, तुमी कंपनीत असताना लोकं नोकरी सोडून जायची का?” बाबा हसले. आम्ही पंधरा दिवस आमच्या खोलीतल्या छोट्या बाथरूममध्ये बादलीने आंघोळी केल्या आणि काळ्या भिंती एकेक ओळ वर चढताना बघत राहिलो. दिसत होत्या सुंदर, ते कबूल करायला पाहिजे.

शेवटचा दिवस गुरुवार निघाला. बाबा टेकडीवर गेले होते, म्हणून मिस्त्रीवर देखरेखीची ड्युटी माझ्याकडे आली आणि मी घरून काम घेतलं. बाराच्या सुमाराला मी पॅसेजमध्ये लॅपटॉप घेऊन बसले होते. आई बाजूला स्टुलावर मेथी निवडत होत्या. समाधान बाथरूममधून डोकावला.

“मावशी, थोडं ॲसिड हाय का? उंबऱ्यावर सिमेंटचे शिंतोडे बसलेत. तेवढे मारून काढतो, म्हंजी झालं आपलं.”

काम संपलं की मिस्त्री ॲसिड मारून फरशी धुऊन देतात. ही रीतच आहे, कोणी ते वेगळं सांगतही नाही. मी म्हणाले, “आमच्या घरात ॲसिड…” आणि वर पाहिलं तर आई स्टुलावर नव्हत्या. घरात काम करणाऱ्या माणसाने काही मागितलं की उठून द्यायचं, ही त्यांची चौतीस वर्षांची सवय. त्या गॅलरीत गेल्या होत्या. दिवाळीचा आकाशकंदील ज्या खोक्यात ठेवतो ते खोकं उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा हातात बाटली होती. पॅसेजच्या मध्यावर येईपर्यंत त्यांच्या काही लक्षात आलं नाही. मग आलं, आणि त्या तिथेच थांबल्या.

बाटलीत चार बोटं ॲसिड उरलं होतं.

“आई, ही कधीची?”

“असंल मागची.”

“मागच्या दोन बाबांनी काढल्या होत्या.”

आईंनी माझ्याकडे पाहिलं, मग समाधानकडे. “फिनेलवाला येतो ना स्कूटरवर. त्याच्याकडून घेतली. संक्रांतीनंतर.”

“आणि वापरली कुठे?”

त्यांनी बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. मला आता विचारायची गरजही नव्हती. खरखरीत झालेला संगमरवर, ग्रे मॅटवरच्या तारेच्या घासणीच्या रेघा, गुरुवारचा खोकला, सगळं माझ्यासमोर ओळीने उभं राहिलं. मी त्यांच्या हातातून बाटली घेतली, ती हलकी होती आणि मला तिचा भयंकर राग आला. खरं म्हणजे राग माझाच आला होता, बाटली हातात होती इतकंच.

“दर गुरुवारी?” मी विचारलं.

“खिडकी उघडी ठेवायची मी,” आई म्हणाल्या. “तोंडाला ओला पदर. दम लागला की बाहेर येऊन बसायचं, मग परत जायचं. आधीसारखं दार लावून न्हाई घेतलं.”

समाधान म्हणाला, “ऱ्हाऊ द्या ताई, मी पत्रीनं खरवडतो,” आणि आत गेला. तेवढ्यात जिन्यावर बाबांच्या चपला वाजल्या. मला बाटली लपवावीशी वाटली. खोटं बोलणार नाही, वाटली. पण लपवली नाही.

बाबा आत आले, बाटली पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग आईंकडे. चप्पल काढायची राहिली होती, ती त्यांनी काढली. काय झालं ते मी तीन वाक्यांत सांगितलं. ते आत गेले आणि ट्रायलचा तक्ता घेऊन आले. सहा शुक्रवारच्या सहा तारखा होत्या. ते एकेका तारखेवर बोट ठेवत गेले. आदल्या दिवशी काय वार होता हे मोजायची त्यांना गरज नव्हती.

“मी सांगितलं होतं ना, नमुन्यांना हात लावायचा नाही?” आवाज चढलेला नव्हता. मालाच्या ट्रकबरोबर आलेल्या माणसाला विचारावं तसा होता.

“सांगितलं होतं.”

“मग का?”

आई मेथीच्या काड्या गोळा करायला लागल्या. मग म्हणाल्या, “कंपनीत ऑडिट येणार असलं की तुमी काय करायचात? दोन दिस घरी येत नव्हतात. मशिनी पुसायचात, पिवळे पट्टे नव्यानं मारायचात. घरी येऊन तुमीच सांगायचात की मला. सायबानं नुसतं बघितलं आणि पुढं गेला, एक डाग सापडला न्हाई म्हणून.”

“ते वेगळं.”

“काय वेगळं? चौतीस वर्षं ती भिंत घासायले मी. एकदा कोणी त्या भिंतीकडं बघितलं न्हाई. घाण असली तर दिसायची, स्वच्छ असली तर कोणाला दिसत नव्हती. आणि आता तुमी दर शुक्रवारी भिंग लावून तिच्यासमोर बसायलात. बघणार म्हटल्यावर मी ती घाण ठेवू?” त्या थांबल्या, श्वास घेतला. “तुमी दहा म्हणायचात ना, मला बरं वाटायचं. तुमी फरशीला म्हणायचात, ठाऊक हाय मला. तरी बरं वाटायचं.”

बाबा स्टुलावर बसले. आईंचं संपलं नव्हतं.

“तिसऱ्या बारीला फार दम लागला. डावा कोपरा राहिला, परत आत जायचं धाडस झालं न्हाई. तुमी बरोबर तोच धरलात. एक मार्क कट.”

बाथरूममधून पत्रीचा आवाज येत होता, तो थांबला. मी बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नाही. मला पाहवलं नाही. मी बाटली घेऊन खाली गेले. गेटशी समाधानची मोटारसायकल होती, तिच्या पिशवीत ती ठेवली. साइटवर लागते, घेऊन जातो, असं त्याने आतूनच सांगितलं होतं. वर आले तेव्हा आई मेथी चिरत होत्या आणि तक्ता कुठे दिसत नव्हता.

रात्री जेवताना गणराजला सांगितलं. तो आधी हसला, मग त्याच्या लक्षात आलं, मग त्याने विचारलं, “म्हणजे आता काळी फरशी?”

“आता काळी फरशी,” बाबा म्हणाले. भिंती उभ्या राहिल्या होत्या, इपॉक्सी वाळली होती. ॲसिडच्या जोरावर पहिली आलेली, आमच्या पाण्याला सर्वांत वाईट असलेली फरशी आम्ही छतापर्यंत लावली होती.

व्हायचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पांढरे ओघळ दिसायला लागले, रांगोळी सांडल्यासारखे. चौथ्या दिवशी बाबा आंघोळीला गेले ते पाऊण तास बाहेर आलेच नाहीत. मी दार वाजवणार होते, तर आतून रबराचा कुईकुई आवाज आला. बाहेर आले तेव्हा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजलेला, हातात गाडीची काच पुसायचा वायपर, खांद्यावर जुना बनियन. भिंत कोरडी होती. पाणी वाळायच्या आत उतरवलं तर क्षार चढायला काही उरतच नाही, हे इतकं साधं होतं. चौतीस वर्षांत आमच्यापैकी कोणी आंघोळीनंतर दोन मिनिटं जास्त थांबलं असतं तर ॲसिडची गरज कोणत्याच फरशीला पडली नसती. चांगली फरशी निवडायला आम्ही दोन महिने घालवले, ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दाराला नवा तक्ता लागला. त्यावर तीन नावं होती, बाबांचं, गणराजचं आणि माझं. आंघोळ झाली की भिंत पुसायची आणि सही करायची. आई आंघोळ करून आल्या की त्यांच्या मागून भिंत पुसायला बाबा जातात. पहिल्या शुक्रवारी बाबांनी भिंग आईंच्या हातात दिलं. आई लाजल्या, “मला काय कळतंय त्यातलं,” म्हणाल्या, आणि मग आत जाऊन दहा मिनिटं आल्या नाहीत. त्यांनी नळाच्या मागे पाहिलं, जाळी उचलून पाहिली, जिथे आम्ही कोणी कधी पाहिलं नसतं तिथे पाहिलं. बाबांना सहा, मला पाच, गणराजला दोन. गणराजने तक्रार केली. त्यांनी त्याला साबणाच्या स्टँडखालची रेघ दाखवली.

गुरुवारी बाबा आता त्यांना टेकडीवर घेऊन जातात. त्या वर चढत नाहीत, खाली बाकावर बसतात आणि पोह्यांच्या वेळेला मंडळींत सामील होतात. एकत्र फिरायला जातात असं बाबा शेजाऱ्यांना सांगतात. खरं कारण, घरी एकटं ठेवायला त्यांचा अजून विश्वास बसत नाही. फिनेलवाल्यालाही त्यांनी गेटवर गाठून काहीतरी सांगितलंय. तो आमच्या घरापुढे हॉर्न वाजवत नाही.

जूनमध्ये आईंना तपासणीला न्यायचं होतं आणि दवाखान्याची जुनी फाइल सापडत नव्हती. त्या म्हणाल्या, “माझ्या कपाटात बघ, खणात.” त्या खणात त्यांच्या महत्त्वाच्या गोष्टी असतात. रेशनकार्ड, लग्नाचा एक फोटो, गणराजचं दहावीचं मार्कशीट, पोस्टाचं पुस्तक. दवाखान्याची फाइल होती आणि तिच्याखाली प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घातलेला ट्रायलचा तक्ता होता.

बाबांनी मला एकदा सांगितलं होतं, की कंपनीत कागद फाडत नाहीत आणि खोडरबर वापरत नाहीत. चुकीची नोंद झाली असेल तर तिच्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर ते लिहायचं, बाजूला सही आणि तारीख.

दुसऱ्या रकान्याच्या डोक्यावर ‘नमुना क्र. २, काळी ग्लॉसी’ असं होतं. त्यावर एक आडवी रेघ होती. वर लिहिलं होतं, ‘मंजुळा’. बाजूला बाबांची सही, तारीख बाटली सापडली त्या गुरुवारची. खालचे दहाचे आकडे तसेच होते. फक्त तिसऱ्या शुक्रवारच्या नऊवर एक रेघ होती आणि वर दहा लिहून त्यांनी पुन्हा सही केली होती.